रिलेत पोहणाऱ्या मुलाचं पुढे काय होतं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा सोळा वर्षांचा. शंभर मीटर फ्रीस्टाइलला राज्य स्पर्धेत पाचवा-सहावा येतो, वैयक्तिक पदक अजून नाही. जिल्ह्याच्या चार बाय शंभर रिले संघात (चौघं एकामागून एक, प्रत्येकी शंभर मीटर) मात्र तो सलग तीन वर्षं आहे आणि घरात टांगलेली सगळी पदकं तिथली आहेत. नात्यातल्या कोणीतरी सुनावलं की हे चौघांत वाटून घेतलेलं पदक, त्याच्यावर काही उभं राहत नाही. आता अकरावी संपतेय, तर बारावीसाठी पोहणं बंद करावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं स्प्रिंटची मुलं तयार करतोय. त्याआधी स्वतः कॉलेजच्या रिलेत पोहलोय. त्या अनुभवावरून सांगतो, रिले पोहणं हे वेगळं कसब आहे, ते शिकावं लागतं आणि ते उशिरा पिकतं. सोळाव्या वर्षी पाचवा येणारा मुलगा त्या कसबाच्या उंबरठ्यावर असतो. तुम्हाला धीर द्यायचा म्हणून हे म्हणत नाही. एका माणसाची कारकीर्द तुमच्यापुढे मांडतो, त्यातले आकडे बघा.

जेसन लेझॅक. जन्म नोव्हेंबर १९७५, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनचा. पहिलं ऑलिंपिक सिडनी, २०००. वय चोवीस. आपल्याकडे या वयात मुलं पोहणं सोडून तीन-चार वर्षं झालेली असतात. अमेरिकेच्या निवड स्पर्धेत शंभर मीटरला पहिले दोघे वैयक्तिक शर्यतीला जातात, आणि त्यांच्या मागचे साधारण सहाव्या क्रमांकापर्यंतचे रिलेसाठी घेतले जातात. लेझॅक त्या मागच्यांत होता. म्हणजे जगातल्या सर्वांत तगड्या जलतरण देशात तो त्या वेळी फक्त रिलेचा पोहणारा होता. तुमच्या मुलाची जिल्ह्यात जी जागा आहे तीच त्याची देशात.

चार बाय शंभर फ्रीस्टाइल रिले १९६४ पासून ऑलिंपिकमध्ये सात वेळा झाली होती आणि सातही वेळा अमेरिकाच जिंकली होती. सिडनीत ते पहिल्यांदा हरले. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल क्लिमनं पहिल्याच टप्प्यात ४८.१८ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, शेवटी इयान थॉर्पनं अमेरिकेच्या गॅरी हॉलला मागे टाकलं. ऑस्ट्रेलिया ३:१३.६७, अमेरिका ३:१३.८६. लेझॅक तिसऱ्या टप्प्याला होता. त्यानं ४८.४२ पोहून आपलं काम चोख केलं, पण ज्या संघानं ही शर्यत पहिल्यांदा गमावली त्यात त्याचं नाव कायमचं गेलं. त्याच सिडनीत त्याला एक सुवर्णही मिळालं, मेडले रिलेचं (चौघं चार वेगळ्या स्ट्रोकनं पोहतात ती), कारण प्राथमिक फेरीत तो पोहला होता. अंतिम फेरीत दुसरे पोहले आणि त्यानं काठावरून पाहिलं. प्राथमिक फेरीत पोहलेल्यांनाही पदक मिळतं. हा नियम लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे येतो.

चार वर्षांनी अथेन्स. आता तो अमेरिकेचा सर्वांत वेगवान स्प्रिंटर होता, निवड स्पर्धेत ४८.१७ चा राष्ट्रीय विक्रम करून आलेला. आणि वैयक्तिक शंभर मीटरच्या प्राथमिक फेरीतच, म्हणजे हीटमध्ये, तो बाहेर पडला. दम राखून पोहायला गेला, आणि हीटमध्येच टायमिंग कमी पडलं. रिलेत पहिला पोहणारा इयन क्रॉकर आजारी होता, त्याचा टप्पा ५०.०५ चा झाला आणि संघ सुरुवातीलाच तळाला गेला. मधल्या दोघांनी बरंच भरून काढलं. शेवटच्या टप्प्यात लेझॅकसमोर नेदरलँड्सचा पीटर व्हॅन डेन हूगेनबँड होता. त्यानं ४६.७९ पोहून लेझॅकला गाठलं आणि रौप्य काढून नेलं. दक्षिण आफ्रिका पहिली, अमेरिका तिसरी. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये कोणीतरी मागून येऊन आपल्या हातातलं पदक घेऊन जातं, हे लेझॅकनं आधी स्वतः भोगलं. चार वर्षांनंतरच्या बीजिंगच्या रिलेबद्दल लोक भरभरून बोलतात, पण माझ्या मते त्या शर्यतीची मुळं अथेन्समध्ये आहेत.

यानंतर तो थांबला असता तर कोणीही नावं ठेवली नसती. वय अठ्ठावीस होऊन गेलेलं, दोन ऑलिंपिक झालेली, फ्रीस्टाइल रिलेचं एक रौप्य आणि एक कांस्य, मेडले रिलेची दोन सुवर्णं. तो थांबला नाही. उलट बीजिंगच्या आधी त्यानं प्रशिक्षकाशिवाय एकट्यानं सराव केला. आपलं वेळापत्रक आपणच आखायचं, आपणच पाळायचं. तुमच्या मुलानं हे करू नये, सोळाव्या वर्षी कोच लागतोच. पण तिशीत आपल्या शरीराला काय लागतं हे ज्याला उमगलंय, तो असं करू शकतो. स्प्रिंटमध्ये वय वाढलं की रोज सहा-सात किलोमीटर रेटण्यापेक्षा कमी आणि नेमकं पोहणं जास्त लागू पडतं. आपल्याकडे हे उलट चालतं. स्प्रिंटच्या मुलाकडूनही पंधराशे मीटरवाल्यासारख्या लेंथ मारून घेतात आणि मग त्याला वेग का येत नाही म्हणून त्यालाच रागावतात.

११ ऑगस्ट २००८, बीजिंग, वॉटर क्यूब. आदल्या संध्याकाळी अमेरिकेच्या दुसऱ्या फळीनं, म्हणजे नेथन एड्रियन, कलन जोन्स, बेन वाइल्डमन-टोब्रिनर आणि मॅट ग्रीव्हर्स यांनी, प्राथमिक फेरीत ३:१२.२३ चा जागतिक विक्रम केला होता. त्या चौघांत जोन्सचा टप्पा सर्वांत वेगवान, ४७.६१ चा, म्हणून अंतिम संघातली उरलेली एक जागा त्याला मिळाली. सकाळी फायनल. अमेरिका चौथ्या लेनमध्ये, फ्रान्स पाचव्या. मायकेल फेल्प्सची एकाच ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णांची मोहीम चालू होती आणि हे त्यातलं दुसरं. फ्रान्सचा आलाँ बर्नार आम्ही अमेरिकनांचा चुराडा करू, अशा अर्थाचं बोलून बसला होता.

पहिल्या टप्प्यात फेल्प्स ४७.५१. पण शेजारच्या ऑस्ट्रेलियाच्या इमन सलिव्हननं ४७.२४ चा जागतिक विक्रम केला. तो विक्रम तोपर्यंत ४७.५० चा होता आणि बर्नारच्या नावावर होता. म्हणजे बर्नार पाण्यात उतरायच्या आधी, त्याच शर्यतीत, त्याचा विक्रम गेला होता. त्याच्या मनात काय चाललं असेल हे मी सांगू शकत नाही, पण तो पुढे ज्या रीतीनं सुटला ते पाहताना मला हे नेहमी आठवतं. गॅरेट वेबर-गेलनं ४७.०२ पोहून अमेरिकेला पुढे आणलं, जोन्सच्या टप्प्यात फ्रान्सच्या फ्रेडरिक बुस्केनं ४६.६३ पोहून ती आघाडी उलटवली. तीनशे मीटरला फ्रान्स २:२१.५९, अमेरिका २:२२.१८. लेझॅक उडी मारतो तेव्हा ०.५९ सेकंद मागे. वय बत्तीस. अमेरिकेच्या जलतरण संघातला सर्वांत मोठा पुरुष.

बर्नार पहिले पन्नास मीटर २१.२७ मध्ये गेला. त्या वेळी पन्नास मीटरच्या स्वतंत्र शर्यतीचा जागतिक विक्रम २१.२८ होता. रिलेची उडी वेगळी असते, त्यामुळे दोन आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत हे खरं, तरी शंभर मीटर पोहायचे असताना पहिले पन्नास या वेगानं काढणं म्हणजे महिन्याचा पगार पहिल्याच आठवड्यात उडवणं. लेझॅक २१.५० मध्ये वळला. वळताना अंतर ०.८२ झालं होतं. टीव्हीवरच्या जाणकारांनीही आशा सोडली होती. लेझॅकनं नंतर सांगितलं की वळताना क्षणभर त्याच्याही मनात आलं, हा आता हाती लागत नाही.

मग शेवटचे पन्नास. लेझॅक २४.५६, बर्नार २५.४६. नव्वद शतांश सेकंद एका लेंथमध्ये भरून काढले. अमेरिका ३:०८.२४, फ्रान्स ३:०८.३२. फरक आठ शतांश. लेझॅकचा टप्पा ४६.०६. आदल्या संध्याकाळचा जागतिक विक्रम त्या फायनलमध्ये एका नव्हे, पाच संघांनी मोडला.

आता या आकड्यांचं पोट उघडून बघू, कारण तुमच्या मुलाला उपयोगी पडणारी गोष्ट तिथे आहे.

तीन दिवसांनी लेझॅक वैयक्तिक शंभर मीटरची फायनल पोहला आणि ४७.६७ मध्ये ब्राझीलच्या सेझार सिएलोबरोबर कांस्य विभागून मिळालं. बर्नारला ४७.२१ मध्ये सुवर्ण. त्याच आठवड्यातला तोच माणूस, तेच पाणी. ४६.०६ आणि ४७.६७ मध्ये १.६१ सेकंदांचा फरक आहे. यातला काही भाग उडीचा. एकट्याच्या शर्यतीत बीप ऐकल्यापासून पाय ब्लॉक (उडी मारायचा चौथरा) सोडेपर्यंत साधारण ०.६५ ते ०.७० सेकंद जातात. रिलेत येणारा साथीदार दिसत असतो, हात आधीच फिरायला लागलेले असतात, शरीर पुढे झुकलेलं असतं, त्यामुळे पाय सुटण्याचा क्षण आणि त्याच्या स्पर्शाचा क्षण जवळजवळ एक करता येतो. यातून अर्धा ते पाऊण सेकंद वाचतो. तो वजा केला तरी लेझॅकच्या बाबतीत एक सेकंदाच्या आसपास उरतोच.

त्यातला थोडा पाण्याचा. बर्नार आपल्या लेनच्या मधोमध न पोहता दोन लेनमधल्या दोरीला चिकटून, लेझॅकच्या बाजूनं पोहत होता. पुढे पोहणाऱ्या माणसाच्या कडेनं पाणी ओढलं जातं. मागचा माणूस दोरीच्या पलीकडे, त्याच्या कमरेच्या रेषेत असेल तर त्याला पाण्याचा विरोध कमी लागतो. लेझॅकनं हे ओळखलं आणि आपल्या बाजूच्या दोरीजवळ सरकून त्या लाटेवर राहिला. हे नियमात बसतं. पण शर्यतीच्या त्या गोंधळात, पाऊण सेकंद मागे असताना, शेजारचा लेनमध्ये कुठे पोहतोय हे पाहून आपली जागा बदलणं सरावातूनच येतं. मी माझ्या मुलांना दोरीजवळ पोहायचा सराव मुद्दाम देतो, उजवीकडून आणि डावीकडून दोन्ही. सुरुवातीला हात दोरीवर आपटतात, बोटं सोलतात. पंधरा दिवसांत अंदाज येतो.

उरलेला भाग वेगाच्या वाटणीचा. पूर्ण जोरात सुटल्यावर स्नायूंमधला तयार इंधनाचा साठा साधारण दहा सेकंदांत संपत येतो. त्यानंतर शरीर दुसऱ्या मार्गानं ऊर्जा काढतं आणि स्नायूंत आम्लता वाढत जाते. सत्तर-ऐंशी मीटरला हात भरून येतात, कोपर खाली पडतं, पाय बुडतात, हातात पाणी धरलं जात नाही. माणूस जोर तेवढाच लावतो, पण जागच्या जागी घुसळत राहतो. बर्नारचं तेच झालं. लेझॅकचा पहिला पन्नास त्याच्यापेक्षा ०.२३ नं मंद होता, आणि तेवढ्याचा मोबदला त्याला परतीच्या लेंथमध्ये चौपट मिळाला.

वेषाचा मुद्दाही सांगायला हवा, नाहीतर अर्धं सत्य होईल. २००८ हे नव्या अंगभर पोहण्याच्या पोशाखांचं वर्ष होतं. १ जानेवारी २०१० पासून ते बंद झाले. त्या शर्यतीतले सगळेच आकडे त्या पोशाखांनी खाली आणले होते. पण ते सर्वांना मिळत होते, आणि ४६.०६ चा तो टप्पा सोळा वर्षं कोणाला मोडता आला नाही. पॅरिसमध्ये २०२४ साली चीनच्या पान झानलेनं मेडले रिलेच्या शेवटच्या टप्प्यात ४५.९२ पोहून तो मोडला. तोही मागून येऊनच. त्या दिवशी चीन ३:२७.४६, अमेरिका ३:२८.०१.

आता मघाचा प्राथमिक फेरीचा नियम. लेझॅक २०१२ ला लंडनलाही गेला. वय छत्तीस. निवड स्पर्धेत सहावा आला, म्हणून रिलेच्या फक्त प्राथमिक फेरीत पोहला. फायनलमध्ये फ्रान्सच्या यानिक अन्येलनं शेवटच्या टप्प्यात रायन लॉक्टीला गाठून २००८ ची परतफेड केली, फ्रान्स ३:०९.९३, अमेरिका ३:१०.३८. लेझॅकला रौप्य मिळालं. म्हणजे त्याचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण आणि शेवटचं ऑलिंपिक रौप्य, दोन्ही प्राथमिक फेरीत पोहून मिळालेली. चार ऑलिंपिकमध्ये आठ पदकं, चार सुवर्ण, दोन रौप्य, दोन कांस्य. त्या आठांतलं वैयक्तिक फक्त एक, बीजिंगचं कांस्य, तेही बत्तिसाव्या वर्षी. बाकी सातही रिलेची. नंतर आंतरराष्ट्रीय जलतरण लीगमध्ये त्यानं कॅली काँडॉर्स या संघाचं व्यवस्थापन केलं आणि २०२० चा हंगाम त्या संघानं जिंकला. चौघांना एकत्र कसं बांधायचं हे त्याच्याइतकं कोणाला कळणार?

बीजिंगच्या त्या दुसऱ्या फळीतल्या एड्रियनचं पुढे काय झालं तेही ऐका. चार वर्षांनी लंडनमध्ये तो शंभर मीटरचा ऑलिंपिक विजेता झाला, ४७.५२ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या जेम्स मॅग्नसनपेक्षा एक शतांश आधी. रिलेच्या प्राथमिक फेरीतून सुरू झालेला रस्ता असाही जातो.

रिलेची दुसरी बाजू लपवत नाही. इथे एकाच्या चुकीचं चौघांना भरावं लागतं. नियम असा आहे की येणाऱ्यानं भिंतीला हात लावल्याशिवाय जाणाऱ्याचे पाय ब्लॉकवरून सुटता कामा नयेत. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तिथे ०.०३ सेकंदांपर्यंतची आगाऊ सुटी चालवून घेतात. २००७ मध्ये मेलबर्नच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेचा मेडले रिले संघ प्राथमिक फेरीतच बाद झाला, कारण क्रॉकर ०.०४ आधी सुटला. एक शतांश जास्त. फेल्प्सचं आठवं सुवर्ण तिथे गेलं.

माझंही असंच झालंय. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी तिसऱ्या टप्प्याला होतो. आम्ही दुसरे येत होतो, मला पहिलं यायचं होतं. साथीदाराच्या हाताकडे बघायच्या ऐवजी मी शेजारच्या लेनकडे बघितलं आणि सुटलो. पाण्यात जाताना मला कळलं होतं. तरी शंभर मीटर पूर्ण पोहलो, चौथाही पोहला, आणि मग निकालात आमच्या नावापुढे बाद लिहिलं. आमचा पहिला पोहणारा शेवटच्या वर्षाला होता, त्याची ती अखेरची स्पर्धा. त्यानं मला एक शब्द बोलून दाखवला नाही. ते मी आजही विसरलेलो नाही, आणि म्हणूनच माझ्याकडे प्रत्येक मूल आठवड्यातून दोनदा टेक-ओव्हर (येणाऱ्याच्या स्पर्शाबरोबर पुढच्यानं सुटणं) करतंच, राज्य स्पर्धा असो वा नसो.

तर तुमच्या मुलाला काय करायला सांगू? टेक-ओव्हर आधी. बहुतेक क्लबांत तो स्पर्धेच्या आदल्या दिवशी चार वेळा करून घेतात, आणि मग ब्लॉकवर सगळे घाबरून अर्धा सेकंद थांबतात. चौघं प्रत्येकी अर्धा सेकंद थांबले तर दीड सेकंद गेला, कारण पहिला बीपवर सुटतो, बदल तीनच असतात. दीड सेकंदात राज्य स्पर्धेत पदक इकडचं तिकडे होतं. आणि हा दीड सेकंद मिळवायला जास्त ताकद लागत नाही, उंची लागत नाही, महागडा पोशाख लागत नाही.

येणाऱ्यानं झेंड्यांच्या दोरीपासून, म्हणजे भिंतीपासून पाच मीटरवर, डोकं वर काढायचं नाही आणि श्वास घ्यायचा नाही. शेवटचा हात पूर्ण मारायचा, तरंगत यायचं नाही. तो तरंगला की वर उभ्या मुलाचा सगळा हिशेब चुकतो. वर उभ्या मुलानं दोन्ही हात येणाऱ्याच्या डोक्यावर रोखून त्याच्याबरोबर खाली आणायचे. तळावरची काळी रेघ भिंतीच्या दोन मीटर आधी आडवी होऊन संपते, त्या आडव्या पट्टीवर डोकं आलं आणि शेवटचा हात सुटला की आपले हात फिरवायचे. पाय त्याच्या स्पर्शाबरोबर सुटले पाहिजेत. प्रत्येक जोडीचं गणित वेगळं असतं. उंच मुलगा येत असेल तर त्याचा शेवटचा हात लांबून सुरू होतो. म्हणून संघ ठरला की जोड्या बदलू नका, त्याच दोघांनी पन्नास वेळा करायचं. कोणाच्या तरी मोबाइलवर भिंतीच्या रेषेतून चित्रण करा आणि मुलांना तिथल्या तिथे दाखवा. शब्दांपेक्षा त्याचा परिणाम लवकर होतो.

क्रमाचाही विचार करा. पहिल्या टप्प्याचं टायमिंग अधिकृत धरलं जातं, कारण तो बीपवर सुटतो. क्लिमचा, सलिव्हनचा विक्रम तसाच लागला. पान झानलेनं २०२४ च्या फेब्रुवारीत दोहात ४६.८० चा जागतिक विक्रम केला, तोही रिलेच्या पहिल्या टप्प्यात. मुलाला वैयक्तिक पात्रतेचं टायमिंग हवं असेल तर कोचना विनंती करून एखाद्या स्पर्धेत त्याला पहिला पोहायला लावा. काही मुलं एकट्याच्या हीटमध्ये जे टायमिंग देत नाहीत ते रिलेत पहिले पोहताना देतात, कारण मागे तिघं उभे असतात. आणि मागून येऊन गाठायची ज्याला खुमखुमी आहे त्याला शेवटी ठेवा. घड्याळात सर्वांत वेगवान असलेलाच शेवटी टाकायचा ही आपल्याकडची सवय मला पटत नाही.

पुढे नोकरीचं. रेल्वे, सेनादल, पोलीस यांचे संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात, आणि रिले जिंकायला त्यांना एक हिरा पुरत नाही, चार जण लागतात, वर राखीव. तिथे पाचव्या-सहाव्याला किंमत येते. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. मात्र कोणती स्पर्धा आणि कोणतं स्थान धरलं जातं याचे निकष बदलत असतात, तेव्हा चालू शासन निर्णय स्वतः वाचा. कोणाच्या तोंडच्या माहितीवर जाऊ नका, माझ्याही नाही. पदकांची मूळ प्रमाणपत्रं मात्र आजच एका फाइलीत लावून ठेवा. रिलेच्या प्रमाणपत्रावर कधी कधी फक्त संघाचं नाव असतं. त्याचं नाव त्यावर आहे ना ते बघा, नसेल तर संघटनेकडून आताच लिहून घ्या.

आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे सोळाव्या वर्षी त्याच बीजिंगच्या तलावात पन्नास, शंभर आणि दोनशे मीटर फ्रीस्टाइल पोहला. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यानं पन्नास मीटर बटरफ्लायला कांस्य आणलं, १९८६ च्या खजानसिंगच्या रौप्यानंतर जलतरणातलं देशाचं पहिलं पदक. पण बीजिंगच्या रिलेत भारताचा संघ नव्हता. ऑलिंपिकच्या रिलेत सोळाच देश घेतात आणि त्यासाठी एकाच वेळी चार जण त्या वेगाचे लागतात. एक वीरधवल तयार होतो, त्याच्या मागचे तीन अठराव्या वर्षी पोहणं सोडून गेलेले असतात. तुमच्यासारख्या आईचा प्रश्न आला की मला ते तीन दिसतात. यात मी तटस्थ नाही, हे मोकळेपणानं सांगतो.

तरीही बारावी बारावीच आहे. पोहणं पूर्ण बंद केलं तर पाण्याची पकड महिन्याभरात सुटायला लागते आणि ती परत आणायला दुप्पट वेळ जातो. म्हणून वर्षभर आठवड्यातून चार दिवस, सकाळी एक तास. त्यातले दोन दिवस पूर्ण वेगाचं छोटं पोहणं, पंचवीस मीटरचे आठ-दहा तुकडे, मधे भरपूर विश्रांती. एक दिवस परतीच्या लेंथचा सराव, पहिले पन्नास आवरून आणि दुसरे पन्नास चढत्या वेगानं. एक दिवस टेक-ओव्हर आणि टर्न. गावात पंचवीस मीटरचाच तलाव असेल तर हरकत नाही, टर्न तेवढे जास्त होतात. बाकीचा वेळ अभ्यासाला. परीक्षेआधीचा महिना दोन दिवस पुरेत.

आणि तुम्ही स्वतः एक करा. पुढच्या स्पर्धेत वर बसाल तेव्हा घड्याळ हातात घ्या. रिलेत त्याच्या आधीच्या मुलाचा हात भिंतीला लागला की चालू करा, मुलाचे पाय टर्नला भिंतीला लागले की एक आकडा घ्या, शेवटी हात लागला की दुसरा. त्याच दिवशीच्या त्याच्या वैयक्तिक शंभरचेही असेच दोन आकडे घ्या. परतीचे पन्नास रिलेत कमी वेळात येतायत का, ते मला बघायचंय. चारही आकडे कागदावर तारखेसह लिहून मला कळवा, मग त्याला संघात कितवा ठेवायचा ते बोलू.